किल्ली न सापडता उघडलेलं कुलूप

मैत्रिणींनो, लहानपणी ‘च’ची भाषा तुम्ही बोलला असालच. ‘घरी ये’ म्हणायचं असेल तर ‘चरीघ चेय’ म्हणायचं. शब्दातलं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. एवढीशी युक्ती, पण त्या जोरावर आपण मोठ्या माणसांसमोर खुशाल आपली गुपितं बोलत असू. एक दिवस आईला किंवा आजीला ती रीत कळायची आणि सगळं मुसळ केरात! मग दुसरी भाषा शोधायची.

गुप्त भाषा तयार करायची आणि दुसऱ्याची फोडायची, हा खेळ तेवढाच जुना आहे. आजच्या मुली तो कॉम्प्युटरवर खेळतात, इतकंच. त्याच्या स्पर्धा भरतात. ‘कॅप्चर द फ्लॅग’ असं त्यांना म्हणतात, म्हणजे झेंडा पकडा. आयोजक मुद्दाम कोडी तयार करतात. कुठे कुलूपबंद फाइल, कुठे चित्रात लपवलेला मजकूर, तर कुठे जाणूनबुजून कच्ची ठेवलेली वेबसाइट. कोडं सुटलं की आत एक ओळ सापडते, तोच झेंडा. ती ओळ नेऊन भरली की गुण मिळतात. अमेरिकेत ‘डेफ कॉन’ नावाच्या संमेलनात ही स्पर्धा १९९६ पासून होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी ‘पिकोसीटीएफ’ सुरू केली, ती घरबसल्या आणि फुकट खेळता येते. आपल्याकडे केरळमधल्या अमृता विद्यापीठाच्या मुलांनी ‘इनसीटीएफ’ नावारूपाला आणली.

हे सगळं मी आज असं सराईतपणे सांगते आहे, पण मी कलाशाखेची पदवीधर. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले. कॉम्प्युटरशी माझा संबंध बचत गटाचे हिशेब आणि लाइटबिल यापुरता. मला हे कळलं ते आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींमुळे.

आमची अभ्यासिका इचलकरंजीत आहे. एका जुन्या घराच्या माडीवर दोन खोल्या, बारा खुर्च्या आणि कुणीकुणी दिलेले तीन कॉम्प्युटर. भोवताली यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू. घरात अभ्यासाला जागा नसते म्हणून मुली इथे येतात. त्यातल्या तिघींनी एका ऑनलाइन स्पर्धेत नाव घातलं. एक इंजिनिअरिंगची, दुसरी बीएस्सीची आणि तिसरी चक्क बी.कॉम.ची. शनिवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संध्याकाळी संपणारी, सलग चोवीस तासांची स्पर्धा. म्हणजे रात्रीचं जागरण आलं आणि जागरण म्हटलं की घरच्यांची परवानगी आली.

पहिल्या दोघींच्या घरी फारसं अडलं नाही. बी.कॉम.वालीच्या घरी मात्र गाडं रुतलं. वडील मागावर कामाला, आई कांड्या भरायला जाते. मी घरी गेले तर वडील म्हणाले, “ताई, तुमच्यावर विश्वास आहे. पण रात्रभर पोरींनी कॉम्प्युटरवर बसायचं आणि कुलपं फोडायला शिकायची? उद्या लोक विचारतील, पोरगी काय करते, तर काय सांगू?”

त्यांचं चुकत नव्हतं. ‘हॅकिंग’ हा शब्द आपण पेपरात वाचतो तो कुणाचे तरी पैसे गेल्याच्या बातमीतच. मी त्यांना सांगितलं, “कुलूप करणाऱ्याला कुलूप कसं फुटतं ते ठाऊक लागतंच की. बँकांना, सरकारला, कारखान्यांना अशी माणसं पगार देऊन ठेवावी लागतात. आणि दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाहीच, आयोजकांनी दिलेलंच कुलूप उघडायचंय.” कायदाही असाच आहे. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे, परवानगीवाचून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये अप्रामाणिक हेतूने शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्पर्धेत परवानगी असते, तिथेच सगळा फरक पडतो.

वडील गप्प. तेवढ्यात लेक म्हणाली, “बाबा, तुमची रात्रपाळी असते ना, तशी ही माझी एक रात्रपाळी समजा.” आई आतून हसली. मी अभ्यासिकेत मुलींसोबत राहणार या अटीवर परवानगी मिळाली.

तर त्या रात्रीची गोष्ट. सोपी कोडी मुलींनी अकराच्या आत सोडवली. मग एक फाइल आली, झिप फाइल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, झिप म्हणजे गाठोडं. चार-पाच फाइली एकत्र बांधून, दाबून लहान केलेल्या. वाटलं तर त्याला पासवर्डचं कुलूप घालता येतं. या गाठोड्याला ते होतं.

इंजिनिअरिंगवालीने ठरलेला पहिला उपाय केला. पासवर्डांची एक मोठी यादी अशा स्पर्धा खेळणाऱ्या सगळ्यांकडे असते. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. ‘रॉकयू’ नावाची एक अमेरिकन कंपनी होती. तिच्याकडून डिसेंबर २००९ मध्ये ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघडे लिहून ठेवले होते! त्यातून वेगवेगळे असे सुमारे १ कोटी ४३ लाख पासवर्ड निघाले, तीच ही यादी. सगळ्यात जास्त वापरलेला पासवर्ड कोणता होता माहितेय? १२३४५६. आता बोला! नावं, वाढदिवस, देवाची नावं, ‘आय लव्ह यू’, सगळं त्या यादीत आहे. जगात कुठेही जा, माणसाचं मन सारखंच चालतं.

कॉम्प्युटरने ती सगळी यादी लावून पाहिली. कुलूप ढिम्म हललं नाही. मुली हिरमुसल्या. यादीतल्या शब्दांपुढे आकडे जोडून पाहिले, तरी नाही. रात्रीचा दीड वाजला. मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

चहा पिताना बीएस्सीवाली म्हणाली, “किल्ली शोधत बसलोय, पण कुलूप कोणतं आहे ते बघितलंच नाही आपण.” मला हे वाक्य फार आवडलं.

तिने बघितलं. आणि इथे एक गोष्ट कळली, ती आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. झिपला कुलूप घातलं तरी आतल्या फाइलींची नावं बहुतेक वेळा बाहेरून दिसतात. काचेच्या दाराच्या फडताळाला कुलूप लावावं, तसं. डब्यात हात घालता येत नाही, पण डब्यांवरची नावं वाचता येतात. आत दोन डबे होते, एक चित्र आणि एक मजकुराची फाइल. झेंडा मजकुरात असणार हे उघड होतं. शिवाय कुलपाची जातही कळली. ती जुनी होती.

झिपची दोन कुलपं आहेत. पहिलं फिल कॅट्झ यांच्या ‘पीकेझिप’बरोबर आलेलं, गेल्या शतकातलं. हा झिपचा प्रकार त्यांनी १९८९ मध्ये जगापुढे आणला. १९९४ मध्ये एली बिहॅम आणि पॉल कोचर या दोन तज्ज्ञांनी दाखवून दिलं, की या कुलपातल्या एखाद्या फाइलचा थोडासा मजकूर आधीपासून माहीत असेल, तर पासवर्ड न कळताही ते उघडता येतं. किती थोडा? बारा-तेरा अक्षरं! दुसरं कुलूप ‘एईएस’ जातीचं, ते विनझिपमध्ये २००३ मध्ये आलं. ते पक्कं आहे. पण जुनं कुलूप कुठल्याही कॉम्प्युटरवर सहज उघडतं म्हणून ते अजूनही वापरात आहे.

आता प्रश्न असा, की आतला मजकूर माहीत कसा असणार? तो माहीत नाही म्हणून तर ही सगळी धडपड. इंजिनिअरिंगवाली आणि बीएस्सीवाली मजकुराच्या फाइलमध्ये काय असेल यावर डोकं आपटत होत्या. इतका वेळ वहीत गुण मांडत बसलेली बी.कॉम.वाली तेव्हा बोलली.

“आमच्याकडे ताळेबंद जुळला नाही की सर सांगतात, जो आकडा नक्की माहीत आहे तिथून सुरुवात करा. मजकूर माहीत नाही, तर चित्राचं काही नक्की माहीत असतं का?”

दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या.

कारण चित्राचं माहीत होतं! ते ‘पीएनजी’ प्रकारचं चित्र होतं. अशा चित्राची फाइल कशीही असो, देवाची असो की दगडाची, तिची पहिली सोळा अक्षरं ठरलेली असतात. मला त्यांनी समजावलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लग्नपत्रिका आली. पाकीट न फोडताही आपण सांगू शकतो ना, की आत वर ‘श्री गणेशाय नमः’ असणार? खाली मुलगी कुणाची, मुलगा कुणाचा, कार्यालय कोणतं, हे फोडल्याशिवाय कळायचं नाही. पण सुरुवात ठरलेली. तसंच हे. लागणार होती बारा अक्षरं आणि हातात होती सोळा. आणखी एक नशीब म्हणजे, चित्र गाठोड्यात दाबून लहान न करता जसंच्या तसं ठेवलेलं होतं. दाबलेलं असतं तर ही सोळा अक्षरं ओळखू येण्याजोगी राहिली नसती.

मुलींनी ती अक्षरं कॉम्प्युटरला दिली. त्यासाठीचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. आमचा कॉम्प्युटर म्हातारा, पंखा घरघरायला लागला. टक्केवारी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. एक झोपली, एक खिडकीत उभी राहिली. बी.कॉम.वाली मात्र पडद्यासमोरून हलली नाही. मधेच म्हणाली, “काकू, हे नाही जमलं तर बाबा म्हणतील, रात्र फुकट गेली.” मी काही बोलले नाही. तिच्या त्या एका रात्रीवर किती काय टांगलेलं होतं, हे मला दिसत होतं. पुढच्या वेळी परवानगी मिळणार की नाही, पुढचं शिक्षण, सगळंच.

पहाटे पाचच्या सुमाराला पडद्यावर आकड्यांचे तीन गट उमटले. त्यांनी कुलूप उघडलं. गंमत म्हणजे पासवर्ड काय होता ते आम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं! पासवर्ड घातल्यावर कुलपाच्या पोटात जे तीन खटके फिरतात, तेच मुलींच्या हाती लागले होते. चित्राला आणि मजकुराला पासवर्ड एकच असल्याने त्याच खटक्यांनी मजकूरही उघडला. आत एकच ओळ होती, महिरपी कंसातली. झेंडा! तिघी अशा ओरडल्या, की खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, काय झालं गं?

त्या स्पर्धेत नंबर आला नाही, तिघींचा संघ मधेच कुठेतरी राहिला. पण त्या कोड्याचे गुण मिळाले.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं, तेव्हा जाणवलं की माहीत असलेल्या धाग्यावरून नसलेलं उकलायचं, ही रीत फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचं काम चाले. जर्मन रोज ठरावीक साच्यात हवामानाचे संदेश पाठवत, त्यातले शब्द ओळखता येत. तेवढ्या धाग्यावरून सबंध संदेश उलगडत. आणि तिथे काम करणाऱ्यांत सुमारे पाऊण हिस्सा बायका होत्या! त्यातल्या जोन क्लार्क या केंब्रिजला गणित शिकलेल्या. त्यांना पगारवाढ द्यायची तर बाईसाठी तशी जागाच नव्हती. म्हणून त्यांना कागदोपत्री ‘भाषातज्ज्ञ’ करण्यात आलं. पुढे एका अर्जावर त्यांनी मजेत लिहिलं, हुद्दा भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही! आपल्या कामाला नाव मिळायला बायकांना किती वळणं घ्यावी लागतात पाहा.

ही विद्या खऱ्या आयुष्यातही उपयोगी पडते. मायकेल स्टे या अमेरिकन तज्ज्ञांनी २००१ मध्ये याच जुन्या झिप कुलपावर एक निबंध लिहिला होता. २०१९ मध्ये एका रशियन माणसाने तो वाचून त्यांना गाठलं. त्याने २०१६ मध्ये घेतलेल्या बिटकॉइनच्या किल्ल्या झिपमध्ये बंद केल्या होत्या आणि तो पासवर्ड विसरला होता. त्यांची किंमत तोवर तीन लाख डॉलरवर गेली होती. स्टे आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही महिने खपून ते कुलूप उघडून दिलं.

पण प्रत्येक कुलूप उघडत नाही आणि हे मला आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीमुळे कळलं. स्पर्धेनंतर दोनेक महिन्यांनी ती पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली. नवरा अचानक गेला होता. घरचे सगळे व्यवहार तो बघायचा. विम्याचे, ठेवींचे कागद स्कॅन करून त्याने एका झिपमध्ये बंद करून ठेवले होते. “तुमच्या पोरींनी कुलूप उघडलं म्हणे. माझंही बघा ना.” तिच्या डोळ्यांत केवढी आशा होती!

मुलींनी आधी कुलपाची जात पाहिली. नवं होतं, एईएस. तिथे सोळा अक्षरांची युक्ती चालत नाही. तिला जवळ बसवून मुलांची नावं, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, सगळं लावून पाहिलं. नाही उघडलं. नवऱ्याने पासवर्ड चांगला निवडला होता, नको इतका चांगला. बी.कॉम.वालीने तिचा हात धरून सांगितलं, “मावशी, हे नाही उघडणार. उगाच आशा लावत नाही.”

पण ती तिथे थांबली नाही. “पासबुक आहे?” तिने विचारलं. पासबुकात दरवर्षी एकाच महिन्यात कापली गेलेली रक्कम सापडली, तो विम्याचा हप्ता होता. तिथून कंपनी कळली. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन आम्ही गेलो. चार खेपा झाल्या, पण एक पॉलिसी मिळाली. विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे, तिथेही मुलींनी शोधलं. पुन्हा तेच, माहीत असलेल्या आकड्यापासून सुरुवात. पेन ड्राइव्ह अजून तिच्या कपाटात आहे, बंदच.

तेव्हा मैत्रिणींनो, या सगळ्यातून मला समजलेल्या चार गोष्टी सांगते. महत्त्वाचे कागद झिपमध्ये बंद करणार असाल तर कुलूप ‘एईएस’चंच घाला. फाइलीचं नाव ‘बँक पासवर्ड’ असं ठेवू नका, ते बाहेरून वाचता येतं. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती कुणालाही पाठवू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्यांना माहीत आहे. शक्य तिथे आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्या. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घरातली कुलपं दोघांनाही उघडता यायला हवीत. कुठे कोणती ठेव, कोणता विमा, पासवर्ड कुठे लिहिलाय, हे नवऱ्याला विचारायला संकोच वाटत असेल तर तो आजच सोडा. यात अविश्वास नाही, उलट जबाबदारी आहे. बंद पाकिटात लिहून विश्वासाच्या जागी ठेवलं तरी पुरे.

आणि हो, त्या बी.कॉम.वालीच्या वडिलांना परवा मेसेज आला, ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा.’ त्यांनी फोन केला नाही. आधी लेकीला विचारलं, “हे खरं आहे का गं?” ती म्हणाली, खोटं आहे. त्यांनी तो मेसेज मागावरच्या सगळ्यांना वाचून दाखवला आणि वर सांगितलं, “माझ्या पोरीला यातलं कळतं.”

पुढच्या स्पर्धेचा अर्ज तिने भरला आहे. या वेळी परवानगी मागायला मला जावं लागलं नाही.